सुदाम फिटरचे अपघात अहवाल

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. बाबा मारेगावच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, हमाल आहेत. त्यांना सही येते. आईला ती अलीकडे यायला लागली, आणि तिला तिचा इतका आनंद आहे की ती कॅलेंडरवरही करते. अशा घरातला मुलगा चार वर्षं कॉलेजात गेला म्हणून त्याने एका वडीलधाऱ्या माणसावर लेख लिहायला बसावं, हे मला स्वतःलाच आगाऊपणाचं वाटतं. शिवाय तो माणूस हयात आहे, आणि त्याला कागदावर चुकीचं लिहिलेलं अजिबात खपत नाही. ते का खपत नाही, तेच सांगायचं आहे. कुठे चुकलो तर लहान समजून सोडून द्यावं.

सुदामकाका जिनिंगमध्ये फिटर. कॉम्प्युटरवरच्या ट्रकला अपघात झाला की ते त्याचा रीतसर अहवाल लिहून घ्यायचे. ट्रक खेळातला, रस्ता परदेशातला, आणि अहवाल मात्र एखाद्या खऱ्या अपघाताचा असावा तसा. तो लिहायचो मी, कारण माझं अक्षर बरं होतं. मी तेव्हा वणीला बी.एस्सी.ला जायचो आणि परत आलो की स्टँडजवळच्या पिंटूभाऊंच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये तासभर बसायचो. काका तिथे यायचे, शर्टाच्या खिशातून चौघडी केलेला कोरा कागद काढायचे आणि म्हणायचे,

"ए बीएस्सी. लिही. आज पुन्हा ठोकली."

माझं नाव त्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी ते कधी वापरलं नाही. मग मी लिहायचो. एक नमुना मला अजून पाठ आहे:

"अपघात अहवाल. वाहन: मालट्रक, दहा चाकी, रंग लाल. ठिकाण: वडकीचे वळण. वेळ: दुपारी साडेतीन, लाइन असताना. नुकसान: ट्रक पूर्ण, झाड एक. जीवितहानी: नाही. कारण: चित्र अडकले. चित्र सुटले तेव्हा ट्रक झाडावर होता. चालकाची चूक नाही."

शेवटचं वाक्य ते दोनदा वाचून घ्यायचे. मग कागद परत चौघडी करून खिशात, आणि सायकलवर टांग.

हा ट्रक वडकीला कसा गेला ते सांगायला हवं. एका सीडीत बारा खेळ होते, त्यातला हा ट्रकचा. एका गावातून माल भरायचा आणि डोंगर, जंगल, पूल ओलांडून मोठ्या शहरात नेऊन उतरवायचा. पाट्या सगळ्या परक्या भाषेत. काकांनी त्या पाट्यांकडे दुर्लक्ष करून स्वतःची नावं दिली होती. ट्रक सुटायचा ते मारेगाव. पहिला चौक म्हणजे करंजी. पुढे दाट झाडीतून रस्ता डावीकडे वळतो ते वडकीचं वळण. पूल आला की हिंगणघाट. आणि उंच इमारतींचं शहर ते नागपूर. नागपूर मात्र पडद्यावर कुणी पाहिलं नव्हतं. सीडीच्या खोक्यावरच्या चित्रावरून तसं ठरवलं होतं. कारण दर वेळी वडकीच्या वळणावर चित्र अडकायचं. ट्रक हवेत थांबल्यासारखा थांबायचा, दोन-चार सेकंद काही हलायचं नाही, आणि मग एकदम झाडात.

मारेगाव ते नागपूर एक खेप, अपघाताशिवाय. काकांना एवढंच हवं होतं. दोन वर्षं ते त्याच्यामागे होते.

त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. बोंडं धरायच्या वेळेला पानं लाल पडायची. पूर्वी जिनिंग दिवाळीला सुरू झालं की उन्हाळ्यापर्यंत धडधडायचं, ते आता संक्रांतीला थंड व्हायचं. जिनिंगच्या शेठनं मारेगावचं ऑफिस आवरलं तेव्हा तिथला कॉम्प्युटर कुणाला हवा म्हणून विचारलं. सगळ्यांनी टेबलाकडे आणि पंख्याकडे पाहिलं. काका म्हणाले, मला तो डबा द्या. तीस वर्षं मशिनीत हात घातलेल्या माणसाला आठ-आठ महिने मशीनच नाही, त्याचं काय होतं ते मी काकांकडे बघून शिकलो. त्यांचे हात कुठेही लागले की तिथला स्क्रू सैल आहे का ते बघायचे. आमच्या घरी चहा प्यायला आले तर चहा येईपर्यंत आमच्या दाराची कडी दुरुस्त झालेली असायची.

कॉम्प्युटरला ते जिनिंगच्या मशिनीसारखंच वागवायचे. ती बाई आहे, तिला बोलता येत नाही, आणि तिला कुठेतरी दुखतं आहे, अशा समजुतीनं.

"तिले कुठंतरी खुपून राह्यलं," ते म्हणायचे. "अडकते म्हनजे खुपते. तू मले एवढं सांग, कुठं खुपते."

पिंटूभाऊ हे ऐकून डोक्याला हात लावायचे. त्यांनी आधी सांगितलं की रॅमचे पाय घासा, खोडरबरनं. काकांनी शाळेसमोरच्या दुकानातून पाच खोडरबर आणले आणि रॅम इतकी घासली की पिंटूभाऊ म्हणाले, "काका, आता हिचं लग्न लावून द्या." फरक पडला नाही. मग वीजपुरवठ्याचा डबा बदलला. मग लाइनचा दाब कमी पडतो म्हणून स्टॅबिलायझर बसवला. भारनियमनात खेळ मध्येच मरू नये म्हणून ट्रकची जुनी बॅटरी जोडली. पंख्याला शिलाई मशीनचं तेल. मे महिन्यात डब्याचे दोन्ही पत्रे काढून तो उघडाच कूलरसमोर ठेवला. दोन दिवस चित्र जरा कमी वेळ अडकलं, तिसऱ्या दिवशी आतल्या स्क्रूंना गंज दिसला. शांताकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "मले अठी घाम फुटून राह्यला, न् माह्या सवतीले कूलर." काकांनी कूलर परत फिरवला. पण पुरता नाही.

एकदा चित्राचं कार्ड बदलायला ते स्वतः नागपूरला गेले. कार्डाला धक्का लागू नये म्हणून ते त्यांनी जेवणाच्या डब्यात घातलं आणि वरून खालून रुई भरली. "रुईहून नरम काय असते जगात?" हे त्यांचं म्हणणं. दुकानदारानं डबा उघडला, कार्ड हातात घेतलं, आणि त्याच्या प्रत्येक फटीतून पांढरे तंतू काढत बसला. त्याला वाटलं, आत कोळ्यानं घर केलं आहे. काका त्याला शांतपणे म्हणाले, "कोळी नाई बावा. लाँग स्टेपल आहे, लांब धाग्याची रुई. चांगला भाव भेटते याले." परत येताना तो डबा त्यांनी मांडीवरच धरला होता. नवं कार्ड, जुनी रुई.

त्याच सुमारास आमच्याकडे बाहेरची माणसं फार यायची. गाड्या घेऊन, कॅमेरे घेऊन. चहाच्या टपरीवर बसून जो दिसेल त्याला कापसाचं विचारायची. एक दिवस एका मुलीनं काकांपुढे माइक धरला आणि फार हळू, दवाखान्यात विचारतात तशा आवाजात विचारलं, "काका, तुमची अडचण काय आहे?" काकांनी क्षणभर विचार केला.

"चित्र अडकते," ते म्हणाले.

"म्हणजे... पुढचं चित्र दिसत नाही?"

"दिसते ना. पन वडकीपर्यंतच."

त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खरंच भली होती. काकांना वाईट वाटलं, म्हणून त्यांनी तिला रॅम, बॅटरी आणि कूलर सगळं समजावून सांगितलं. कॅमेरावाल्यानं मध्येच कॅमेरा बंद केला होता.

मी हे सगळं हसून लिहितो आहे, आणि तेव्हाही हसायचो. सांगायला लाज वाटते, पण सेंटरमध्ये आम्ही दोघं-तिघं काकांची नक्कल करायचो. पन्नाशी उलटलेला माणूस पोरांचा खेळ खेळतो, हरतो, आणि हरल्याचा अर्ज लिहितो. चालक म्हणजे ते स्वतःच, असं मी धरून चाललो होतो.

मग माझ्या हातून एक चूक झाली. परीक्षा जवळ आली होती, मला घाई होती. काका सांगत होते आणि मी अर्धं लक्ष देऊन लिहीत होतो. "कारण" या शब्दापुढे त्यांनी काही सांगायच्या आधीच माझा पेन चालला. पेपरात रोज वाचतो ते वाक्य आपोआप उतरलं: "चालकाचा ताबा सुटल्याने." मी ते मोठ्यानं वाचूनही दाखवलं. मला वाटलं, भाषा चांगली झाली.

काकांनी कागद माझ्या हातातून घेतला, त्याचे दोन तुकडे केले, मग चार. ते तुकडे खिशात घातले, टाकले नाहीत. पिंटूभाऊंनी वर पाहिलं.

"काका, चुकलं," मी म्हटलं. "दुसरा लिहितो."

"तू घरी चाल," ते म्हणाले.

त्यांच्या सायकलच्या कॅरियरवर बसून मी जिनिंगच्या मागच्या क्वार्टरात गेलो. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर होता, आणि त्याच्यासमोर लाकडी खुर्चीत मारोतीकाका बसले होते. सुदामकाकांचे मोठे भाऊ.

मारोतीकाकांना मी ओळखत होतो, म्हणजे पूर्वी ओळखत होतो. ते जिनिंगच्या रुईच्या गठाणी ट्रकनं नागपूरला न्यायचे. बावीस वर्षं गाडी चालवली, गाडीला ओरखडा नाही, असं बाबा सांगायचे. वर्षभरापूर्वी वडकीच्या वळणावर त्यांचा ट्रक रस्ता सोडून शेतात उलटला. कुणी दगावलं नाही. त्यांना बाहेर काढलं तेव्हा उजवं अंग लुळं पडलं होतं आणि बोलणं गेलं होतं. गावानं ठरवलं की घेतली असेल, किंवा डुलकी लागली असेल. पेपरात चार ओळी आल्या होत्या. त्यातली एक ओळ मी नुकतीच काकांना मोठ्यानं वाचून दाखवली होती.

मी दारातच उभा राहिलो.

मारोतीकाकांच्या पुढ्यात एक चाक होतं. जिनिंगच्या जुन्या व्हॉल्व्हचं लोखंडी चाक, त्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. कीबोर्ड उघडून त्याच्या तारा काकांनी या चाकाला जोडल्या होत्या. खाली वेग द्यायला शिलाई मशीनचं पेडल. ते डाव्या बाजूला होतं, कारण मारोतीकाकांचा डावाच पाय चालत होता.

"दादा, हे पोट्टं लेहते आपले कागद," काका म्हणाले. "बीएस्सी आहे."

मारोतीकाकांनी माझ्याकडे पाहिलं. "चाल," ते म्हणाले. नंतर कळलं की त्यांच्याकडे तेवढा एकच शब्द उरला होता. चहा हवा असला तरी चाल, नको असला तरी चाल. काकांना त्यातला फरक कळायचा.

त्यांनी ट्रक सुरू केला. मी बरेच खेळ पाहिले आहेत. मुलं कशी खेळतात ते मला माहीत आहे. मारोतीकाका खेळत नव्हते. चौकात आधी वेग कमी करायचे, रिकाम्या रस्त्यावर मागचा आरसा बघायचे, जो खेळात नव्हताच. एका हातानं ते चाक इतकं सावकाश फिरायचं की ट्रक रस्त्याला चिकटून वळायचा. करंजी गेली. झाडी सुरू झाली. सुदामकाका खुर्चीच्या मागे उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट होते.

वळणावर चित्र अडकलं. मारोतीकाकांचा डावा पाय खाली काही नसलेल्या जागी जोरात दाबला गेला, ब्रेक असतो तिथे. चित्र सुटलं तेव्हा ट्रक झाडात होता.

त्यांनी चाकावरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली. एखाद्या मुलानं चूक केल्यावर घालावी तशी.

"कॉम्प्युटर अडकला, दादा," काका म्हणाले. "तुयी चूक नाई. हे पाय, हे पोट्टं आता लेहून देते." आणि मी तिथे जमिनीवर बसून अहवाल लिहिला, आणि काकांनी तो मोठ्यानं वाचला, शेवटचं वाक्य दोनदा.

बाहेर सायकलपाशी आल्यावर ते मला म्हणाले, "डॉक्टरनं सांगतलं होतं, पह्यले लकव्याचा झटका आला, हात मेला, मंग गाडी गेली. मी त्याले हजार खेपा सांगतलं. थो आयकते, पन मानत नाई. त्याले वाटते, थोच चुकला. बोलता येत असतं तं भांडलो असतो त्याच्याशी. आता त्याच्याशी भांडू कसा? म्हून म्हनलं, एक खेप त्याची त्यानं करून पाहू दे. हात आहे का नाई, त्याचं त्याले दिसू दे. तं हे भवानी नेमकी तठीच अडकते."

मी म्हटलं, "मशीन बघू का, काका?"

त्यांनी मला आत परत नेलं आणि मोठ्या अभिमानानं डबा उघडून दाखवला. सगळं झकास, तारा रांगेत बांधलेल्या, धूळ नाही. फक्त मधल्या पंख्याच्या खालून पिवळट तपकिरी काहीतरी ओघळलं होतं.

"हे काय आहे?"

"ग्रीस. बेअरिंगचं, एक नंबर. आत पांढरं काईतरी वायलेलं होतं, कधीचं कोन जाने. म्हनलं कोनी लक्षच देल्लं नाई हिच्याकडं. लोखंडावर लोखंड बसते तठी ग्रीस पायजेच. खरवडून काढलं, न् चांगलं बोटभर भरलं. दर महिन्याले भरतो."

मला वाटलं, असेलही. तीस वर्षांचा फिटर सांगतो आहे. मी केमिस्ट्रीत ग्रीस काय असतं ते शिकलो होतो, पण कुठे लावायचं ते नाही. मनात काहीतरी अडलं, पण विचारलं नाही. मोठ्या माणसाला पुन्हा विचारायचं म्हणजे त्याच्यावर शंका घेतल्यासारखं होतं, असं आमच्याकडे समजतात. ते मी आजही पूर्ण टाकू शकलेलो नाही.

त्यानंतर मी अहवाल हसत लिहिले नाहीत. वीसेक तरी लिहिले असतील. नक्कल करणाऱ्यांनाही सांगून टाकलं की आता पुरे.

पुढच्या वर्षी मला अमरावतीला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. तिथल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एक दिवस लॅबवाला एक बंद पडलेला डबा उघडून बसला होता. त्यानं मधला पंखा काढला, खालची चौकोनी चकती पुसली, आणि इंजेक्शनसारख्या नळीतून तिच्यावर पांढरा मलम टाकला. तांदळाच्या दाण्याएवढा. मी जवळ गेलो.

"हे कशाला?" मी विचारलं.

"गरमी वर पंख्याकडं जायले. हा मलम नसला तं दहा-पंधरा मिनिटांत तापून अडकते."

"आणि याच्या जागी ग्रीस लावलं तर?"

तो हसला. "कोन लावते?"

खोलीवर येऊन मी पत्र लिहायला बसलो आणि दोन ओळींनंतर थांबलो. कारण मला दिसायला लागलं होतं की मी काय लिहितो आहे. मारेगाव ते वडकी त्या खेळात बरोबर तेवढीच पंधरा मिनिटं. तिथे झाडी दाट, मशीनला काम जास्त. ग्रीस पातळ होऊन ओघळणार आणि चित्र अडकणार. म्हणजे दोन वर्षांत मारोतीकाकांच्या जेवढ्या खेपा झाडात गेल्या, त्या सुदामकाकांनी घातल्या होत्या. स्वतःच्या हातानं, दर महिन्याला, प्रेमानं. हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगायचं? आणि नाही सांगितलं, तर मारोतीकाका मान खाली घालत राहणार.

तीन आठवडे मी ते पत्र फाडत आणि लिहीत होतो. शेवटी जे पाठवलं त्यात खरं निम्मंच होतं. लिहिलं की इथे एक नवीन प्रकारचा मलम निघाला आहे, आपल्या भागातल्या उन्हाळ्यासाठी चांगला म्हणतात. तुमचं ग्रीस उत्तमच आहे, पण ते फिरणाऱ्या वस्तूंसाठी, आणि ही चकती फिरत नाही. तरी जुनं सगळं पुसून हा दाण्याएवढा लावून पाहावा, पिंटूभाऊ मदत करतील. सोबत नळी रुमालात गुंडाळून गावाकडे निघालेल्या एका मित्राजवळ दिली. "नवीन प्रकारचा" हे लिहिताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलं, आणि अजूनही वाटतं.

उत्तर आलं नाही. एक आठवडा, दोन, तीन. मी ठरवून टाकलं की काका दुखावले. मारेगावला जायची सुट्टी आली तरी मी गेलो नाही. अभ्यास आहे असं घरी कळवलं.

मग एका रविवारी सकाळी होस्टेलच्या फोनवर बाबांचा फोन आला. पिंटूभाऊंच्या सेंटरमधून. बाबा फोनवर नेहमी ओरडून बोलतात, अंतर आहे म्हणून.

"तुया कागद भेटला सुदामले," ते म्हणाले.

"मग?"

"मंग चार दिवस कोनाशी बोलला नाई. जिनिंगात येऊन बसे न् उठून जाये. मंग माह्याकडं आला. म्हने, तुया पोट्ट्यानं लय सांभाळून लेहलं, पन मी फिटर आहो. फिरत नाई तठी ग्रीस कायले, हे मले समजाले पायजे होतं."

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिलो. बाबांना वाटलं लाइन कटली. "आयकून राह्यला का?"

"ऐकतो आहे."

"मंग त्यानं स्वतःच्या हातानं कागद लेहला. न् मले म्हने, तू संगं चाल, एकट्याच्यानं होत नाई. गेलतो मी. मारोतीच्या समोर उभा राह्यला, शायेत राह्यते तसा, न् वाचला. आजवरचे सगळे अपघात. कारन, फिटरनं चुकीचं ग्रीस लावलं. चालकाची चूक नाई. फिटरची आहे."

"आणि मारोतीकाका?"

"पाह्यलं त्याच्याकडं. लय वेळ पाह्यलं. मंग जे हासाले लागला बावा. मी म्हनलं, याले आता काय झालं. शांतानं भासऱ्याले पानी देल्लं तं ते बी त्यानं सांडलं. सुदामच्या डोक्यावर हात ठेवला डावा, न् हासून राह्यला. दोन वर्सांत पह्यल्यांदा हासला म्हने थो."

मागे पिंटूभाऊ काहीतरी म्हणत होते. बाबांनी त्यांना गप्प केलं.

"मंग पिंट्यानं थो तुया मलम लावला. मारोती बसला गाडीवर. आमी सगळे पाहून राह्यलो. सुदाम मातर बाहेर पायरीवर जाऊन बसला, रस्त्याकडं तोंड करून. म्हने, मले नाई पाहवत. आतून कोनी काई बोललं का थो कान टवकारे, पन मान वळवे ना. वडकी गेली. मी वरडून सांगतलं, वडकी गेली रे. त्यानं हात वर केला फकस्त. हिंगनघाटचा पूल आला. मंग लय वेळ नुसता रस्ता. मले बी बसवत नव्हतं."

"मग, बाबा?"

"मंग शांता दारात गेली. म्हने, आयकलं का, पोचले भासरे नागपूरले."

"काका काय म्हणाले?"

"थो उठलाच नाई. तसाच पाठमोरा बसून होता. म्हने, गाडी साइडले लावाले सांग त्याइले."